चकतीभोवतीचं कडं

रक्त मिसळलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, हेलिकोबॅक्टर पायलोरी हा पोटातल्या अल्सरचा जिवाणू पेरायचा, हिरड्याच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती मधोमध ठेवायची आणि चार दिवस थांबायचं. बहुतेक वेळा चकतीभोवती जिवाणू न उगवलेलं स्वच्छ कडं उमटतं. त्या कड्याचा फोटो काढला जातो, मोजपट्टीने व्यास मोजला जातो, आणि प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच लिहून होतं. पुढे कधीतरी तोच निष्कर्ष मोबाइलवर फिरायला लागतो: हिरडा अल्सरच्या जंतूला मारतो. कडं खोटं नसतं. पण ते आम्लामुळे उमटलंय, लोह अडकल्यामुळे, प्रथिनं गोठल्यामुळे, की जिवाणू मुळातच अर्धमेला होता म्हणून, हे व्यासावरून कळत नाही. वनौषधींच्या चाचणीतली खरी मेहनत कडं दिसल्यानंतर सुरू होते, आणि नेमकी तीच बऱ्याचदा केली जात नाही.

उदाहरण म्हणून हिरडाच घेतलेला बरा, कारण या चाचणीत चुकण्याच्या जितक्या वाटा आहेत त्या जवळजवळ सगळ्या तो एकटा दाखवतो. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात झाडावरून कोवळी फळं उतरवतात आणि वाळवून विकतात. तो बाळहिरडा. आत आठळी धरायच्या आधीचा, सुकल्यावर काळा नि सुरकुतलेला. पुढच्या अवस्थेतला चांभारी हिरडा आणि पूर्ण पिकलेला, वजनदार सुरवारी हिरडा. तिन्ही टर्मिनॅलिया चेब्युला याच झाडाचे, पण रसायन वेगवेगळं. चांभारी हिरडा कातडी कमावायला वापरत, तो त्यातल्या टॅनिनसाठी. कातड्यातल्या प्रथिनांना टॅनिन घट्ट पकडतं, आणि मग ती कुजत नाहीत. फळाच्या वाळलेल्या गरात टॅनिनचं प्रमाण सहज वीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात असतं: चेब्युलिनिक आम्ल, चेब्युलॅजिक आम्ल, कोरिलॅजिन आणि त्यांच्यापासून सुटणारी गॅलिक नि एलॅजिक आम्लं. प्रथिन दिसलं की पकडायचं हा टॅनिनचा स्वभाव प्रयोगशाळेत बदलत नाही. तिथे प्रथिन म्हणजे जिवाणूचं आवरण, त्याचं युरिएज (युरियापासून अमोनिया करणारं एन्झाइम), आगरमधलं रक्त, पेशी वाढवायच्या द्रवातला सीरम, आणि कधीकधी गाळणीचा पडदासुद्धा, कारण नायलॉनची रचना प्रथिनासारखीच आहे. म्हणून हिरड्याचा अर्क ०.२२ मायक्रॉनच्या नायलॉन गाळणीतून गाळू नये. अर्धा ऐवज गाळणीतच राहतो आणि खाली आलेलं पाणी ‘निष्क्रिय’ ठरतं.

आधी जिवाणूची बाजू. पर्थमध्ये बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना हा जिवाणू १९८२ मध्ये पहिल्यांदा वाढवता आला, तो ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा जास्त दिवस इनक्युबेटरमध्ये राहिल्या म्हणून. त्याआधी दोन दिवसांत काही दिसलं नाही की प्लेटा फेकून दिल्या जात होत्या. २००५ च्या नोबेलमागे ही सुट्टीही आहे. जिवाणूचा संथपणा मात्र आजही तसाच आहे. टाचणीच्या डोक्याएवढ्या, पाण्याच्या थेंबासारख्या वसाहती दिसायला तीन ते सात दिवस लागतात. हवा लागते ती सुमारे ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन अशी. शिवाय भरपूर दमटपणा. बरणीत ओल्या कापसाचा बोळा ठेवला नाही तर आगर सुकतं आणि वसाहती येतच नाहीत.

आपल्याकडच्या अनेक लहान प्रयोगशाळा इथेच मेणबत्तीची बरणी वापरतात. झाकण लावलेल्या बरणीत मेणबत्ती विझली की आत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३ टक्के होतो, पण ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांच्या खाली जात नाही. घशाच्या नमुन्यांना ते चालून जातं, हेलिकोबॅक्टरला नाही. तो मरत नाही, पण कुढत वाढतो. आणि कुढत वाढणाऱ्या जिवाणूला काहीही मारतं: हिरडा, बडीशेप, उसाचा रस. वनस्पती ‘प्रभावी’ ठरण्यामागे जिवाणूची उपासमार असते हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. कॅम्पायलोबॅक्टरसाठी मिळणाऱ्या वायू-पुड्या महाग वाटतात, तरी त्यांच्यावरचा खर्च टाळू नये. त्या प्रत्येक बरणीच्या आकारमानाप्रमाणे वापराव्यात. अडीच लिटरची पुडी पाच लिटरच्या बरणीत टाकली तर मेणबत्तीपेक्षा फार फरक पडत नाही.

पेरणीसाठी संवर्धन दोन ते तीन दिवसांचं हवं. त्याहून जुनं झालं की वळणदार काड्या गोल होत जातात. गोल झालेले जिवाणू जिवंत असले तरी प्लेटवर पुन्हा उगवत नाहीत. म्हणून प्रत्येक चाचणीच्या दिवशी एक ग्रॅम स्टेन करावा, म्हणजे जिवाणू रंगवून पाहावेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोलच जास्त दिसले तर त्या दिवशी चाचणी करू नये. आळस इथे फार महागात पडतो, कारण गोल झालेले जिवाणू उगवले नाहीत तर श्रेय आयतं वनस्पतीला जातं. ओळख पटवायला युरिएज, कॅटलेज, ऑक्सिडेज या तिन्ही एन्झाइमांच्या चाचण्या ‘हो’ यायला हव्यात. एटीसीसी या अमेरिकी जिवाणू-संग्रहातला ४३५०४ क्रमांकाचा, मूळचा पर्थच्या रुग्णाचा वाण संदर्भासाठी बरोबर ठेवावाच लागतो. तो मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाला दाद देत नाही. ते ठाऊक नसेल तर औषधाच्या वाटीतला जिवाणू वाढलेला पाहून माणूस गोंधळतो. फक्त या एका वाणावर चाचणी करून थांबणं मात्र तोकडं. आपल्या रुग्णालयांतून येणारे जिवाणू वेगळे असतात आणि त्यांतले कित्येक मेट्रोनिडॅझोलला निर्ढावलेले असतात. पाच-सहा स्थानिक वाण तरी हवेतच.

आता झाडाकडे. बाजारातून ‘हिरडा’ म्हणून आणलेली पिशवी ही चाचणीची सुरुवात होऊ शकत नाही. फळं फांदीसकट, पानांसकट घेऊन नमुना दाबून वाळवावा आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाच्या वनस्पतिसंग्रहात ओळख पटवून क्रमांक घ्यावा. क्रमांक नसेल तर पाच वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा करणाऱ्याला कुठलं फळ घ्यायचं हे कळणार नाही. कुठल्या अवस्थेतलं फळ, कोणत्या महिन्यात उतरवलं, उन्हात वाळवलं की सावलीत, आठळी काढली की सगळंच दळलं, हे लिहून ठेवावं. वापरायचा भाग म्हणजे गर. आठळीसकट दळलं की वजन वाढतं आणि एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी किमान मात्रा, विनाकारण फुगते. बुरशी धरलेली, किडक्या भोकांची फळं आधीच निवडून टाकावीत. बुरशीची स्वतःची विषं जिवाणूला मारू शकतात, आणि मग श्रेय हिरड्याला जातं.

दळणं, भिजवणं, उकळणं लोखंडी भांड्यात करू नये. टॅनिन आणि लोह भेटले की निळसर काळं होतं; हिरडा नि हिराकस (लोहाचा क्षार) घालून पूर्वी शाई करत ती याच क्रियेवर. काच किंवा चांगलं स्टील वापरावं. चूर्ण चाळीस नंबरच्या जाळीतून गेलेलं असावं. फार बारीक, वस्त्रगाळ केलं तर पाण्यात गुठळ्या होतात आणि गाळताना कागद बंद पडतो.

अर्क कसा काढायचा हा प्रश्न तांत्रिक दिसतो, पण चाचणी कशाची करायची आहे ते इथेच ठरतं. परंपरेतला काढा म्हणजे एक भाग द्रव्य, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. पन्नास ग्रॅम भरड, आठशे मिलिलिटर पाणी, शंभर मिलिलिटर उरतं. या उकळण्यात चेब्युलिनिक आणि चेब्युलॅजिक आम्लं तुटतात, गॅलिक आम्ल वाढतं. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये थंड भिजवलं तर मोठे रेणू शाबूत राहतात. म्हणजे एकाच फळाचे हे दोन वेगळे पदार्थ झाले, आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर चिकटवता येत नाही. परंपरेत काढा दिला जातो आणि प्रयोगशाळेत मेथॅनॉलचा अर्क तपासला जातो, ही विसंगती मला या क्षेत्रातली सगळ्यात दुर्लक्षित वाटते. मेथॅनॉल रसायनशास्त्रज्ञाला सोयीचं आहे एवढंच. दोन्ही करावेत: एक काढा आणि एक अल्कोहोलचा, एकाच दिवशी, एकाच पोत्यातल्या फळांचे.

अल्कोहोलचा करताना शंभर ग्रॅम चूर्ण एक लिटर सत्तर टक्के इथेनॉलमध्ये चोवीस तास, मधूनमधून हलवत. गाळून पुन्हा नवं इथेनॉल, असं तीनदा. सगळं एकत्र करून चाळीस अंशांवर रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवावं, उरलेलं पाणी फ्रीझ-ड्राय करावं. हाती आलेली तपकिरी पूड पावसाळ्यात दहा मिनिटं उघडी राहिली तरी हवेतलं पाणी ओढून डिंकासारखी होते. मग काट्यावर जे वजन येतं त्यात पाणीच किती. डेसिकेटरमधून, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यातून, काढून लगेच तोलावी, बाकीची उणे वीस अंशांवर ठेवावी, आणि बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये.

चकतीची पद्धत मोहक आहे, पण मोठ्या टॅनिनचे रेणू आगरमधून सरकतच नाहीत. छोटं गॅलिक आम्ल लांब जातं, मोठं चेब्युलिनिक चकतीजवळच अडकतं. व्यास लहान आला म्हणून अर्क दुबळा असं म्हणता येत नाही, मोठा आला म्हणून जबरही नाही. त्यात कुणी एका छिद्रात दहा-दहा मिलिग्रॅम अर्क ओततं. एवढ्या मात्रेला मिठाचं पाणीही कडं दाखवील. काम करायचं असेल तर आगरमध्येच अर्क मिसळण्याची पद्धत घ्यावी. म्युलर-हिंटन आगर पन्नास अंशांपर्यंत थंड करायचं, त्यात पाच टक्के मेंढीचं रक्त, तेही ताजं नव्हे तर किमान दोन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेलं. अर्काचा साठा डीएमएसओ या द्रावकात शंभर मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. त्यातला ०.२ मिलिलिटर वीस मिलिलिटर आगरमध्ये घातला की १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर होतात आणि डीएमएसओ एक टक्क्यावर राहतो. पुढच्या पायऱ्या साठ्यातच निम्म्या-निम्म्या करत खाली याव्यात, म्हणजे प्रत्येक प्लेटमध्ये डीएमएसओ तेवढाच जाईल. नुसत्या डीएमएसओची एक प्लेट वेगळी. प्लेटा झाकण तिरकं ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाळवाव्यात. ओल्या आगरवर थेंब पसरून एकमेकांत मिसळतात. जिवाणूचं निलंबन गढूळपणाच्या मॅकफारलँड मापावर दोनचं, प्रत्येक ठिपका एक ते तीन मायक्रोलिटर, पस्तीस अंशांवर तीन दिवस.

प्रत्येक खेपेला क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकांच्या प्लेटा बरोबर लावाव्यात. एटीसीसी ४३५०४ वर दोन्हींची एमआयसी ०.०१६ ते ०.१२ मिलिग्रॅम प्रति लिटर यांच्या दरम्यान पडायला हवी. त्याखाली पडली तर जिवाणू कमजोर होता, वर पडली तर औषध जुनं झालंय किंवा निलंबन फार दाट. दोन्ही वेळा त्या खेपेचे वनस्पतींचे निकालही बाद. ही एक ओळ पाळली तर प्रसिद्ध होणाऱ्या लेखांची संख्या बरीच कमी होईल. निम्म्या-दुप्पटचा फरक हा गोंगाट समजावा: २५० आणि १२५ मध्ये फरक आहे असं म्हणू नये. अर्कासाठी शंभर मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली काही आलं तर पुढे जावं, हजारच्या वर आलं तर विसरून जावं, असा साधारण दंडक आहे. मधल्या पट्ट्यात सगळ्यांची वस्ती आहे, हिरड्याचीही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिरड्याच्या पाण्यातल्या अर्काची एमआयसी १२५ आणि मारक मात्रा १५० मिलिग्रॅम प्रति लिटर आली. १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनही गुण टिकला. म्हणजे जे काही आहे ते उष्णतेने मोडणारं प्रथिन नाही, टिकाऊ फिनॉलिक, म्हणजे टॅनिनच्या कुळातलं, आहे.

इथून पुढे टॅनिनचं नाटक. रक्त असलेल्या आगरमध्ये हिरड्याचा अर्क मिसळताच लाल रंग तपकिरी होतो, बारीक दाणे दिसतात. टॅनिनने रक्तातलं प्रथिन पकडलं; जिवाणूला मिळायला उरलं थोडंच. अशा प्लेटवर एमआयसी वास्तवापेक्षा जास्त दिसते. उलट सीरम-रक्त नसलेल्या, त्यांच्याऐवजी बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन ही शर्करा घातलेल्या माध्यमात सगळं टॅनिन मोकळं असतं आणि एमआयसी खूप खाली येते. कुठली खरी? पोटात जेवणाचं प्रथिन असतं, श्लेष्म असतं, म्हणून रक्तवाली खरी म्हणावी तर रक्ताचं प्रमाणही आपणच ठरवलेलं. दोन्ही करून दोन्ही आकडे द्यावेत. त्यांच्यातलं अंतर किती हेच टॅनिनचा वाटा सांगतं.

त्याहून सरळ उपाय म्हणजे टॅनिन काढून टाकून पुन्हा तपासणं. पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोन या पांढऱ्या भुकटीची शंभर मिलिग्रॅम मात्रा, एक मिलिलिटर पाणी, एक मिलिलिटर अर्क. ढवळून चार अंशांवर पंधरा मिनिटं, पुन्हा ढवळून सेंट्रिफ्यूज. वरचं पाणी टॅनिनविना. औषधसंहितांमध्ये टॅनिन मोजायला कातड्याची भुकटी वापरतात, तीही चालते. चांभाराच्या कुंडातलीच क्रिया, परीक्षानळीत. टॅनिन गेल्यावर गुणही गेला, तर हिरड्याचा गुण म्हणजे टॅनिनचा गुण. त्यात लाज काही नाही, पण मग बाभळीची साल आणि कडक चहाही तेच करतील, हे मान्य करावं लागतं.

बाभूळ आणि चहा हे दोन शब्द चाचणीच्या आराखड्यात आधीच लिहिलेले असावेत. पोटासाठी वापरल्या जाणाऱ्या वीस वनस्पती तपासल्या आणि आठ चालल्या, हे आकडे एकटे काही सांगत नाहीत. त्यांच्या जोडीला तेवढंच टॅनिन असलेल्या, पण पोटासाठी कुणी न वापरणाऱ्या वीस वनस्पती तपासल्या पाहिजेत. त्यातल्याही आठ चालल्या, तर परंपरेने निवडीत काही मदत केली नाही, झाडांनी फक्त टॅनिन केलं. असा जोडीचा गट ठेवणारं काम फार थोडं दिसतं. ज्यांना परंपरेचा अभिमान आहे त्यांनी तो सगळ्यात आधी ठेवायला हवा, कारण परंपरेच्या बाजूने खरा पुरावा फक्त तिथूनच मिळू शकतो.

आम्लाची गडबड आणखी साधी. हिरड्याचं पाणी आंबट, चांगलंच आम्लधर्मी. १००० मायक्रोग्रॅमच्या प्लेटमध्ये आगरचा पीएच मोजल्याशिवाय काही म्हणू नये; युरिया नसताना आम्लात हा जिवाणू टिकत नाही. सोडा घालून पीएच सातवर आणला की दुसरंच लचांड. अल्कलीकडे झुकलं की फिनॉलिक्स हवेतल्या ऑक्सिजनने जळतात आणि माध्यमातच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग मारणारा हिरडा नाही, पेरॉक्साइड. त्यासाठी एका संचात पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज घालून पाहावं. आणि लोहासाठी एका संचात फेरिक सायट्रेट. लोह दिल्यावर जिवाणू पुन्हा उगवू लागला, तर अर्क त्याला मारत नव्हता, उपाशी ठेवत होता.

युरिएजच्या चाचण्या तर हिरड्यासाठी सापळाच. फिनॉल रेड हा अमोनियाने गुलाबी होणारा रंग घालून गुलाबी होतंय का पाहायचं, अशी सोपी पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. आंबट अर्क घातला की अमोनिया तयार होऊनही रंग पिवळाच राहतो, आणि ‘युरिएज रोखलं’ अशी नोंद होते. अमोनिया थेट मोजण्याची इंडोफिनॉल पद्धत बरी, पण तिथेही फिनॉलिक्स रंगात ढवळाढवळ करतात. म्हणून अर्क आणि नुसता अमोनियम क्लोराइड अशी एक नळी लावून रंग किती दबतो ते वजा करावं लागतं. तरीही रोखलं गेलं असं वाटलं, तर ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून पुन्हा. डिटर्जंटने गुण नाहीसा झाला, तर एन्झाइम गोळा होऊन गोठलं होतं, त्याच्या कामाच्या जागेवर कुणी बसलेलं नव्हतं. २००१ च्याच त्या अभ्यासात युरिएज रोखायला १ ते २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लागलं. वाढ थांबायला लागणाऱ्या मात्रेच्या आठ ते वीस पट. म्हणजे जिवाणू मरतो तो युरिएज बंद पडल्याने नाही. एवढा साधा भागाकार न करता दोन्ही निकाल एकमेकांचे साक्षीदार म्हणून छापले जातात.

रंगाच्या चाचण्यांत चूक उलट्या दिशेनेही होते. एमटीटी आणि रेझाझुरिन हे रंग जिवंत पेशी बदलतात, तसे फिनॉलिक्सही बदलतात. पेशी मेल्या असल्या तरी वाटी रंगते आणि अर्क ‘निर्धोक’ ठरतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जठराच्या एजीएस पेशींवर विषारीपणा पाहताना पेशी नसलेल्या, नुसता अर्क नि रंग असलेल्या वाट्या प्रत्येक मात्रेला लावाव्यात, आणि रंग घालण्याआधी अर्क धुऊन काढावा.

हिरड्याच्या जोडीने लवंग, दालचिनी, ओवा तपासायचे असतील तर त्यांना वेगळी बरणी. वायू-पुडीची बरणी घट्ट बंद असते. लवंगेतलं युजेनॉल उडतं आणि शेजारच्या प्लेटांवरही जिवाणू कमी होतो. वरच्या थरात लवंग, खाली हिरडा, आणि निकाल हिरड्याच्या खात्यात. युजेनॉल मुळात जबरदस्त आहे: हैदराबादच्या संशोधकांनी २००५ मध्ये युजेनॉल आणि सिनॅमाल्डिहाइड दोन्ही २ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरला तीस वाणांवर चालताना दाखवले. यावरून अविपत्तिकर चूर्णाचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. आम्लपित्तासाठी घराघरात असलेल्या या चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, विडलवण, वावडिंग, वेलदोडा, तमालपत्र प्रत्येकी एक भाग, लवंग अकरा भाग, निशोत्तर चव्वेचाळीस, खडीसाखर सहासष्ट. एकूण १३२. तीन ग्रॅम घेतलं तर त्यात हिरडा जेमतेम तेवीस मिलिग्रॅम, लवंग अडीचशे, निशोत्तर एक ग्रॅम आणि साखर दीड. म्हणजे अर्धं चूर्ण साखर, तिसरा हिस्सा रेचक. पोट साफ होऊन बरं वाटतं ते जिवाणू मेल्यामुळे, असं समजायला काही आधार नाही. परंपरेने तसा दावाही केला नव्हता. तिने आम्लपित्ताची तक्रार हाताळली. जिवाणू हा प्रश्न आपला आहे.

सह्याद्रीतच शेंद्री आहे, मॅलोटस फिलिपेन्सिस. तिच्या फळांवरची लाल पूड जंतांसाठी वापरतात. पाकिस्तानातल्या पन्नास वनस्पतींच्या २००९ च्या चाचणीत तिचा अर्क १५.६ ते ३१.२ मिलिग्रॅम प्रति लिटरला जिवाणू मारत होता, आणि त्यातला रॉटलेरिन आणखी कमी मात्रेत. टॅनिनचा संशय इथे कमी. पण रॉटलेरिन आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियालाही त्रास देतो; म्हणून त्याच्याबाबत पहिला प्रश्न एमआयसीचा नाही, जिवाणूला मारणारी आणि आपल्या पेशींना इजा करणारी मात्रा यांतल्या सुरक्षित अंतराचा.

मग बशीतून पोटात. तीन ग्रॅम हिरडा चूर्ण, त्यातलं निम्मं विरघळलं असं धरलं आणि पोटात अडीचशे मिलिलिटर पाणी असेल, तर ६००० मिलिग्रॅम प्रति लिटर. १२५ च्या जवळजवळ पन्नासपट! कागदावर हिरडा सहज जिंकतो. पण जिवाणू पोकळीत नसतोच, तो श्लेष्माच्या थरात खोलवर असतो, काही पेशींना चिकटून. श्लेष्म म्हणजे पुन्हा प्रथिन, आणि टॅनिन वाटेतच अडकतं. पाणी दोन तासांत खाली निघून जातं. लसणाची गोष्ट याहून बोलकी: बशीत लसूण चांगला चालतो, पण १९९९ च्या एका छोट्या अभ्यासात लोकांना जेवणात दहा-दहा पाकळ्या चिरून दिल्या, जिवाणूचं युरिएज श्वासातून ओळखणाऱ्या श्वासचाचणीत काही फरक पडला नाही, बिस्मथ हे पोटाचं औषध दिलं तेव्हा पडला. भूमध्य समुद्राकडच्या मस्तकी या झाडाच्या डिंकाचंही तसंच. १९९८ मध्ये बशीत ६० मायक्रोग्रॅमला मारते म्हणून गाजली, २००३ च्या चाचणीत रोज चार वेळा एक ग्रॅम, चौदा दिवस घेऊनही जिवाणू जागेवरच राहिला.

माणसांवर कधी पोचलं तर श्वासचाचणीची वेळ पाळावी लागते. औषध संपल्यावर चार आठवड्यांच्या आत केलेली चाचणी दबलेल्या जिवाणूला मेलेला ठरवते. प्रोटॉन पंप रोखणाऱ्या, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या, गोळ्या चाचणीआधी दोन आठवडे बंद हव्यात. काढा घेत असतानाच केलेली श्वासचाचणी ‘निगेटिव्ह’ आली, ही बातमी होऊ शकत नाही.

हिरड्याने मारण्याऐवजी चिकटणं अडवावं, अशी अपेक्षा ठेवली तर त्याचं टॅनिन अडथळा न राहता कामाचं होऊ शकतं. चीनमधल्या लिंचू इथे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्रॅनबेरीचा रस रोज दोनदा अडीचशे मिलिलिटर, नव्वद दिवस दिला; रसाच्या गटात ९७ पैकी १४ जण श्वासचाचणीत निगेटिव्ह आले, नकली पेयाच्या गटात ९२ पैकी ५. फार नाही, पण शून्यही नाही. क्रॅनबेरीचं टॅनिन वेगळ्या जातीचं आहे, त्यामुळे हिरड्यासाठी हे काम वेगळं करावं लागेल: एजीएस पेशींचा थर, चमकणाऱ्या रंगाने खुणावलेले जिवाणू, आणि अर्काची मात्रा एमआयसीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे जिवाणू जिवंतच राहतील. मग दोन क्रम वेगवेगळे: जिवाणू अर्कात अर्धा तास ठेवून, धुऊन, पेशींवर सोडायचे, आणि पेशी अर्कात ठेवून, धुऊन, मग जिवाणू सोडायचे. पहिल्यात चिकटणं कमी झालं तर टॅनिनने जिवाणूचे हात बांधले. दुसऱ्यात झालं तर पेशींच्या पृष्ठभागावरच थर बसला, आणि तो थर जेवणानंतर किती टिकतो हे पाहायला वेगळी चाचणी लागते. प्रत्येक धुण्यानंतर पाण्यात किती जिवाणू सुटले तेही मोजावं, नाहीतर गठ्ठा होऊन खाली पडलेले जिवाणू ‘चिकटले’ म्हणून मोजले जातात.